टिटवीचा कॉर्डन

३ जून, मंगळवार

आज एका टिटवीनं मला येडं बनवलं.

ढकलगाडीतून खडी आणत होतो, दुकानाच्या तोंडाशी पसरायला. तर ही बाई माझ्या पुढ्यात लंगडायला लागली. एक पंख जमिनीवर ओढतेय, केविलवाणी ओरडतेय. म्हटलं, गेली बिचारी कुणाच्या तरी चाकाखाली. ढकलगाडी सोडली आणि तिच्या मागं मागं गेलो. पार रस्त्याकडेच्या नाल्यापर्यंत नेलं तिनं मला, आणि तिथं पंख झटकून झोकात उडाली. काही मोडलंबिडलं नव्हतं. मागं येऊन बघतो तर ढकलगाडीच्या चाकापासून वीतभरावर, उघड्या खडीत, चार अंडी. खडीसारखीच ठिपक्यांची. घरटं म्हणावं तर एक काडी नाही. मलाही घर नाही, पण निदान तंबू तरी आहे.

अंडी बरोब्बर गाड्या आत यायच्या वाटेवर आहेत. वाट एकच. दोन्ही बाजूंना नाला.

"उचल आणि तिकडं गवतात ठेव," ओरेस्टा म्हणाली. ओरेस्टा हॅवरिश, माझी मालकीण. गावाबाहेरचा हा बंद पडलेला पेट्रोल पंप घेऊन तिथं पेरोगीचं, म्हणजे सारण भरून पाण्यात उकळलेल्या युक्रेनी करंज्यांचं, दुकान काढतेय. मी भिंती रंगवायला थांबलोय. मग तिचं तिलाच पटेना. "नको, थांब. आर्नीला फोन करते."

आर्नी टॉफ्टलंड म्हणजे गावचे नळ, गटारं, रस्ते आणि थंडीत बर्फ, सगळं बघणारा माणूस. पाच मिनिटांत आला.

"हात लावायचा नाही," तो म्हणाला. "कायदा आहे. तू हात लावलास तर सरकार माझ्या मागं लागेल आणि मी तुझ्या."

"किती दिवस?" ओरेस्टानं विचारलं.

"पिल्लं निघेपर्यंत. दोन-तीन आठवडे तरी."

"एकवीस तारखेला माझं उद्‌घाटन आहे, आर्नी."

"मग तिला सांगून बघ. माझं काही ऐकत नाहीत बायका."

मागं गटार फुटलं होतं तेव्हाची पिवळी फीत त्याच्या गाडीत होती. चार खांब ठोकून आम्ही ती बांधली. फितीला पीळ द्यायचा म्हणे, नाहीतर इथल्या वाऱ्यात ती दिवसभर भणभणते आणि पक्षी अंडी टाकून जातो. हे मला आवडलं. मी खूप पीळ दिले.

"एक पाटी लाव," जाताना आर्नी म्हणाला. "टिटवीचं घरटं, एवढंच लिही."

मी तसं लिहिलं नाही. एक तर अंडी म्हटलं की कुणीतरी बघायला आत शिरणारच. आणि दुसरं म्हणजे मला एक शब्द कधीचा वापरायचा होता. ऑन्टारियोत होतो तेव्हा एक मालगाडी रुळावरून घसरली होती. पोलीस आले, त्यांच्यातला एक जण नुसता म्हणाला, हा भाग कॉर्डन ऑफ केलाय, म्हणजे घेरून बंद. ओरडला नाही, काठी उगारली नाही. अख्खी गर्दी मागं सरकली. शब्द असावा तर असा.

म्हणून लिहिलं: हा भाग कॉर्डन ऑफ करण्यात आला आहे. प्रवेश नाही. आदेशावरून.

कुणाचा आदेश ते लिहायला फळीवर जागा उरली नाही. ओरेस्टा कणीक भरल्या हातांनी बाहेर आली, वाचलं, म्हणाली, "जरा जास्त होतंय का रे?" पण तिचं पाणी उकळत होतं.

५ जून, गुरुवार

पाटी चांगलं काम करतेय. येणारी प्रत्येक गाडी इथं हळू होते, वाचते आणि पुढं जाते. एकानं तर काच वर केली. कुणी उतरून आत यायचा प्रयत्नही केला नाही. शब्दाची ताकद.

आतली भिंत पिवळी करायची होती. ओरेस्टा म्हणते अंड्याच्या बलकासारखी, मी आणला तो रंग तिच्या मते मोहरीसारखा आहे. मी दुकानात बलक आणि मोहरी दोन्ही भिंतीला लावून बघितली. रंगाचं राहिलं बाजूला, त्या भिंतीवर माश्या बसायला लागल्या.

आर्नी फितीची गाठ बघायला आला. गाठ ठीक होती. तरी सोडून परत बांधली.

७ जून, शनिवार

मिसेस बोयको आल्या होत्या. चर्चच्या हॉलमध्ये लग्नाची, श्राद्धाची, कसलीही पंगत असो, काय शिजणार ते ह्या ठरवतात. जुलैमधल्या एका लग्नाची पेरोगी ओरेस्टाकडून घ्यायचं त्यांनी वसंतातच कबूल केलंय. आज गाडीतून उतरल्याच नाहीत. काच चार बोटं खाली.

"काय गं ओरेस्टा, कणीक कुठल्या पाण्यात भिजवतेस? इथल्या विहिरीच्या?"

"मग कुठल्या? सगळा गाव ज्या पाण्याचं खातो त्याच."

"नाही, सहज विचारलं हो." मग माझ्याकडं बघून, "आणि ह्या मुलाचे हात असे का झालेत?"

"रंग आहे," मी म्हणालो. "मोहरीचा."

त्यांनी काच पूर्ण वर केली. म्हाताऱ्या माणसांना वारा बाधतो.

आर्नी आज दोनदा आला. सकाळी खांब हलतात का ते बघायला, दुपारी ते अजून हलत नाहीत ना ते बघायला. ओरेस्टानं त्याला दोन्ही वेळा कॉफी दिली. पक्ष्यांचं एवढं वेड असलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतोय.

९ जून, सोमवार

चर्चच्या हॉलची ऑर्डर गेली. मिसेस बोयकोंचा फोन आला होता, आवाजात इतकी साखर की मला पलीकडून ऐकू आली. नवऱ्यामुलाकडच्यांना म्हणे कोंबडीच हवी आहे.

"युक्रेनी लग्नात पेरोगी नको?" फोन ठेवल्यावर ओरेस्टा म्हणाली. तेवढंच. मग लाटायला बसली. इतकी पातळ पारी लाटली की खालच्या ओट्यावरची भेग त्यातून दिसत होती.

नंतर सारण भरताना बोलली. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी तिनं मार्चमध्येच सोडलीय आणि तिथं दुसरी बाई लागलीसुद्धा. तळ्याकडं जाणाऱ्या गाड्या इथून फक्त जुलै-ऑगस्टमध्ये जातात. आणि तळ्यावरचे लोक कुठं खायचं ते गावात विचारतात. गावानंच तोंड फिरवलं तर सप्टेंबरमध्ये दुकानाला कुलूप. "मग मी ह्या पिवळ्या भिंतीकडं बघत बसायचं," ती म्हणाली.

मी म्हटलं, भिंत छान झालीय. ती हसली नाही. मला कडा मुडपायला शिकवल्या. माझ्या पेरोगीचं पोट उकळत्या पाण्यात फुटतं. फुटलेल्या सगळ्या मी खाल्ल्या, तळलेल्या कांद्याबरोबर, वर आंबट साय घालून. फुटलेली जास्त चांगली लागते असं माझं मत आहे, पण हे धंद्याच्या दृष्टीनं बरोबर नाही.

११ जून, बुधवार

आज कळलं. लिहायचीही लाज वाटतेय.

खिळे आणायला सहकारी दुकानात गेलो होतो. तिथं मागच्या टेबलावर सकाळी म्हाताऱ्यांचा कॉफीचा कट्टा असतो. सगळे शेती मुलांना देऊन मोकळे झालेले, गावातलं पानही ह्यांना विचारल्याशिवाय हलत नाही. मी आत गेलो आणि सगळे गप्प. मग वॉल्ट नावाच्या लांबड्या माणसानं पायानं एक खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"बस, पोरा. तब्येत कशी आहे?"

"छान आहे."

"डोकं वगैरे दुखत नाही?"

"नाही."

"सुरुवातीला नाहीच दुखत," शेजारचा म्हणाला.

मग वॉल्टनं हळूच विचारलं, "किती खोल गेलंय? आमच्या विहिरीपर्यंत येईल का?"

"काय?"

"पेट्रोल रे. जुनी टाकी फुटलीय ना तिथं खाली."

मी सांगितलं की टाकीबिकी काही फुटलेली नाही, तिथं टिटवी आहे. टिटवीनं चार अंडी घातलीत. मी जसजसा बोलत गेलो तसतसे ते एकमेकांकडं बघून माना डोलवायला लागले.

"टिटवी," वॉल्ट म्हणाला. "बरोबर."

"बिचाऱ्याला बोलायची बंदी असेल," शेजारचा म्हणाला.

"अहो पाटी मी लिहिलीय! मी स्वतः!"

"हे बघ," वॉल्ट मला समजावायला लागला. "ह्या गावात बैल सुटला तर आपण 'पलीकडं जाऊ नका' म्हणतो. पूल खचला तर 'सांभाळून' म्हणतो. 'कॉर्डन ऑफ करण्यात आला आहे' असं आपल्यात कुणी बोलत नाही. ते ओटावाहून, सरकारकडून येतं. आणि ते उगीच येत नाही."

"आर्नीला विचारा. ती टाकी तर कधीच काढून नेली असं तो म्हणतो."

ह्यावर सगळे खो खो हसले. "आर्नीचं काय ऐकायचं! त्या जागेतून धूर निघाला तरी त्याला तिथं वसंतच दिसेल."

ह्याचा अर्थ मला लागला नाही. माझं डोकं मात्र खरंच दुखायला लागलं होतं.

ओरेस्टाला येऊन सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं हात धुतले, पुसले, परत धुतले.

"घरटं," ती म्हणाली. "एवढा साधा शब्द. तुला लिहिता येत नव्हता?"

पाटी काढून चुलीत घालतो म्हणालो. तर म्हणे आता काढलीस तर लोक म्हणतील लपवतायत.

१२ जून, गुरुवार

सकाळी तंबू गुंडाळला. मी असलो काय आणि नसलो काय, नुकसान करून झालंच होतं. ओरेस्टा गावात गेली होती, तेवढ्यात हायवेवर जाऊन लिफ्टसाठी अंगठा दाखवत उभा राहिलो. वारा असा की पाठीवरची पिशवी मलाच ढकलत होती.

खूप वेळानं एक गाडी थांबली. बियाणं विकणारा माणूस, दिलखुलास. अल्बर्टाच्या हद्दीपर्यंत सोडतो म्हणाला. मी पिशवी मागं टाकली, एक पाय आत ठेवला.

"इथं कुठं होतास?"

"त्या जुन्या पंपावर. काम करत होतो."

त्यानं माझ्या बुटांकडं बघितलं. मग त्याला एकाएकी आठवलं की त्याला अलीकडंच वळायचंय. पिशवी त्यानंच काढून दिली, दोन बोटांनी धरून.

परत चालत आलो. ओरेस्टा ओट्याशी होती. माझ्या पाठीवरचा तंबू तिला दिसलाच असणार.

"कांदे सोल," ती म्हणाली. मी सोलले. कांद्यामुळं कुणी काही विचारत नाही, ही एक सोय असते.

१३ जून, शुक्रवार

आज संध्याकाळी ओरेस्टानं अंगणातली घडीची खुर्ची उचलली, फितीला लागून मांडली, हायवेकडं तोंड करून बसली आणि मांडीवर ताट घेऊन जेवली. म्हटलं उन्हाचं हिला काही झालं की काय. सहाला सगळे गावात परततात, तेव्हा येणारी प्रत्येक गाडी हळू झाली. ओरेस्टा प्रत्येकीला काटा हलवून दाखवत होती.

"विषारी जमिनीवर बसून मी कशी जेवते ते बघू दे त्यांना," ती म्हणाली. "मी बोलले तर खोटं. जेवले तर काय म्हणतील?"

तेवढ्यात आर्नी आला. तिच्याकडं बघितलं, सीटमागून स्वतःची खुर्ची काढली. इथं प्रत्येकाच्या गाडीत एक घडीची खुर्ची असतेच, बेसबॉल असो की अंत्ययात्रेनंतरचं जेवण, आपली आपण न्यायची. त्यानं ती ओरेस्टाच्या शेजारी लावली, मग जरा आणखी जवळ सरकवली. बहुधा तिथली जमीन सपाट असावी.

"ताट मिळेल का?" त्यानं विचारलं.

"मरशील."

"त्याला आता उशीर झालाय."

मीही खाली बसून जेवलो. टिटवी आमच्याकडं पाठ करून अंड्यांवर बसून होती. तिला आमची आता सवय झालीय.

१६ जून, सोमवार

वॉल्ट आला! पण रस्त्याच्या पलीकडं. गाडी तिकडं लावली, खुर्ची तिकडच्या गवतात मांडली आणि दुर्बीण काढली. आम्ही जेवत होतो. तो बघत होता. आर्नीनं त्याला हात केला, त्यानं हात केला. पाऊण तास असंच चाललं. मग खुर्ची घडी करून गेला.

ओरेस्टा म्हणाली, उद्या कांदा जास्त तळ. वारा तिकडंच वाहतोय.

१७ जून, मंगळवार

वॉल्ट आणि आणखी दोघं. रस्त्याच्या अलीकडं.

कांदा मी लोण्यात तळला, दार उघडं ठेवून. वॉल्टची खुर्ची दर थोड्या वेळानं एक वीत पुढं. शेवटी फितीपाशीच आला. वाकून बघितलं. टिटवीनं त्याच्यासाठीही पंख मोडल्याचं नाटक केलं. इतका मोठा माणूस, तिच्या मागं नाल्यापर्यंत गेला! मला फार बरं वाटलं.

परत येऊन म्हणाला, "पक्षी आहे की खरंच."

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

"तू सांगितलंस म्हणून तर कुणाला पटलं नाही. ह्या ताटात काय आहे?"

१९ जून, गुरुवार

आज किती खुर्च्या होत्या ते मोजलं नाही, पण फितीभोवती सगळीकडून होत्या, लग्नात बसतात तशा. दुकान अजून उघडलेलं नाही म्हणून ओरेस्टा सगळ्यांना चाखायला देतेय. मी ताटं घेऊन फितीच्या कडेकडेनं फिरतोय. फुटलेल्या पेरोगी मी वॉल्टला देतो, त्याला चालतात.

अंड्यांवरून वाद चाललाय. कट्टा म्हणतो सोमवारच्या आत पिल्लं निघत नाहीत. आर्नी म्हणतो शनिवारी. त्याचा आज सुट्टीचा दिवस होता तरी आला होता. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले. नगरपालिकेची बैठक असणार.

सगळ्यात शेवटी मिसेस बोयको आल्या. स्वतःची खुर्ची, वर स्वतःची उशी. त्यांनी एक पेरोगी काट्यानं उलटी केली, सुलटी केली, कडेचा तुकडा तोडला, खाल्ला.

"कड जाड आहे," त्या म्हणाल्या.

"ती मी मुडपलेली आहे," मी म्हणालो.

"तुला कोण विचारतंय? ओरेस्टा, तुझ्या आईची कड अशी नव्हती."

"माझी आई तुमच्यापेक्षा पातळ मुडपायची, तेच ना?" ओरेस्टा म्हणाली.

"असं मी म्हटलंय का?" त्यांनी दुसरी घेतली. मग तिसरी. मग रुमालानं तोंड पुसत, कुणाकडंच न बघता, "नवऱ्यामुलाच्या आईला कोंबडी नकोय म्हणे आता. लोकांचं काही एक ठरत नाही. जमेल का तुला, अजून वेळ आहे तर?"

"बघते," ओरेस्टा म्हणाली आणि आत गेली. मी मागून गेलो तर फ्रिजला टेकून उभी होती, तोंडावर ॲप्रन धरून. मला वाटलं रडतेय. हसत होती. मग थोडी रडली पण.

२१ जून, शनिवार

उद्‌घाटन. टिटवी अजून बसलेलीच. गाड्या आत येऊ शकत नाहीत, तेव्हा हायवेच्या कडेनं पार पुलापर्यंत रांग लागली आणि लोक खुर्च्या घेऊन चालत आले. आर्नी रस्त्यात उभा राहून गाड्या लावून देत होता. ओरेस्टानं फीत कापायची म्हणून कात्री घेतली, तर कट्ट्यावरचे सगळे एकदम ओरडले, "ती नको!" मग तिनं दारावर एक कांद्याच्या पोत्याची दोरी बांधून ती कापली.

तिसऱ्या घाण्याला आर्नीनं हात वर केला. सगळे गप्प. अंड्यातून आवाज येत होता. बाहेर न पडता आतूनच बोलत होती पोरं.

हातातलं ताट कुणाला द्यायचं होतं ते मी विसरलो. थंड झालं. मी खाल्लं.

२२ जून, रविवार

चारही निघाली. ओली असताना काही दिसण्यासारखी नव्हती, वाळल्यावर काड्यांवर कापूस लावल्यासारखी. आणि लगेच पळायलाच लागली! दुपारनंतर आई पुढं, पोरं मागं, फितीखालून सरळ बाहेर. पाटी, खांब, पीळ, कशाचंच त्यांना काही नाही. मिसेस बोयकोंच्या बुटावरून एक पिल्लू गेलं. त्या प्रार्थनेला उभ्या राहाव्यात तशा उभ्या होत्या, श्वास न घेता. नाल्यातल्या गवतात शिरेपर्यंत आम्ही सगळे बघत राहिलो.

मग आर्नी आणि मी खांब उपटले. फीत गुंडाळताना त्यानं विचारलं, "तू कधी निघतोयस?"

"लग्नाची ऑर्डर झाली की. कडा मुडपायला माणूस नाही."

"हं," तो म्हणाला. "तिलाही तेच सांगितलंय मी. माणूस लागेल म्हणून." कुणाबद्दल बोलत होता कोण जाणे.

२५ जून, बुधवार

जागा मोकळी झाल्याला तीन दिवस झाले. खडी मी सारखी केली, घरट्याची खूणही राहिली नाही. तरी संध्याकाळी सगळे येतात आणि खुर्च्या परत तशाच गोल मांडतात, मध्ये काही नसताना. आर्नीही येतो. आता इथं तपासण्यासारखं काय राहिलंय, मला कळत नाही.

आज तळ्याकडं जाणारी पहिली मोठी गाडी वळली. मागं होडी, काचांतून पोरांची डोकी. सरळ आत यायला लागली तसा कट्टा एकदम उठला. वॉल्टनं दोन्ही हात पसरले. मिसेस बोयको उशी हातात घेऊन चाकासमोर उभ्या राहिल्या.

"थांबा! तिकडून! कडेकडेनं!"

"काय आहे तिथं?" ड्रायव्हर घाबरून म्हणाला.

कुणालाच सांगता येईना. एकमेकांकडं बघत राहिले, पण हललं कुणी नाही. ओरेस्टा दारात आली, हातात झारा. तिनं त्या रिकाम्या खडीकडं बघितलं आणि मग मला खुणावलं, सांग त्याला.

मी गाडीपाशी गेलो. म्हटलं, ह्या लोकांच्या मागून जा, जागा आहे. त्यानं होडीसकट अख्खा वळसा घातला, पार भिंतीला लावली आणि उतरायच्या आधीच आठ ताटं सांगितली. मी आत पळालो.